प्रेमाला घातलेली अट

सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या कादंबऱ्या, आणि त्यातही ज्यांत प्रेमात पडणाऱ्या दोघांपैकी एकजण माणूस नसतो अशा अलौकिक प्रेमकथा, मी गेली अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात पहिल्या प्रकाराला ‘यंग अडल्ट’ आणि दुसऱ्याला ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ म्हणतात. हे दोन्ही जिथे एकत्र येतात तिथे मी सर्वांत जास्त रमते. या पुस्तकांचा विषय निघाला की बहुतेक जण आधी वयाचा प्रश्न काढतात, म्हणजे ती कोणत्या वयात वाचावीत आणि कोणत्या वयात सोडून द्यावीत. मला तो प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ग्रंथव्यवहाराची पाहणी करणाऱ्या बोकर या संस्थेने २०१२ मध्ये अमेरिकेतील खरेदीची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीत १२ ते १७ वयोगटासाठी म्हणून काढलेल्या पुस्तकांच्या खरेदीदारांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून अधिक वयाचे होते आणि त्यांची बहुतांश खरेदी स्वतः वाचण्यासाठीच होती. मोठ्या वाचकांना या पुस्तकांत काहीतरी सापडते आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येईल. काय सापडते ते मी माझ्यापुरते सांगू शकते. मला त्यांत अट सापडते.

अलौकिक प्रेमकथेतील व्हॅम्पायर, भूत, लांडगा होणारा माणूस किंवा पंख गमावलेला देवदूत यांचे आकर्षण तसे वरवरचे असते; फिकट चेहरा, काळे कपडे आणि गूढ मौन यांची दोन-तीन पुस्तकांत सवय होऊन जाते. टिकून राहते ती त्या पात्राबरोबर आलेली अट. त्याला स्पर्श करता येणार नाही, किंवा तो उन्हात येऊ शकणार नाही, किंवा त्याचे वय वाढणार नाही, किंवा तो कोण आहे हे त्याला विचारायचे नाही. ही अट कोणी घातली हे बहुधा सांगितलेले नसते आणि सांगण्याची गरजही नसते; फक्त तिच्याशी तडजोड करता येत नाही. साध्या वास्तववादी प्रेमकथेत घरचा विरोध, पैशांची अडचण किंवा दोन गावांमधले अंतर असा अडथळा येतो आणि पुरेशी चिकाटी दाखवली तर तो दूरही होतो; वडील शेवटच्या प्रकरणात विरघळतील हे वाचकाला मनातून ठाऊक असते. अलौकिक अट विरघळत नाही. तिच्यासमोर उभे राहिल्यावर आपले प्रेम नेमके कशाचे बनलेले आहे, हे दोघांनाही तपासून पाहावे लागते, आणि ही तपासणी हीच माझ्या दृष्टीने या कादंबऱ्यांची खरी गोष्ट असते.

ही रचना फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९५ वे सूक्त म्हणजे पुरूरवा आणि उर्वशी यांचा अठरा ऋचांचा संवाद, आणि तो सुरू होतो तेव्हाच त्यांचे सहजीवन संपलेले असते. राजा तिला थांबायला सांगतो आहे, आणि वाऱ्याला धरणे जितके कठीण तितकेच मला धरणे कठीण, असे म्हणून ती निघाली आहे. आधी काय घडले होते ते शतपथ ब्राह्मणात सविस्तर येते. उर्वशीने त्याच्याकडे राहायला येताना घातलेल्या अटींपैकी एक अशी होती की तो तिला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती आपल्यात परत हवी असते, म्हणून ते रात्री तिच्या शय्येशी बांधलेली दोन कोकरे एकामागून एक पळवतात. इथे कोणी वीर नाही, कोणी पुरुष नाही असे समजून माझी लेकरे नेत आहेत, असे ती ओरडते. वस्त्र गुंडाळण्याइतका उशीरही पुरूरव्याला सहन होत नाही. तो तसाच उठून धावतो, गंधर्व नेमकी त्याच वेळी वीज चमकवतात, दिवसासारखा लख्ख उजेड पडतो, ती त्याला पाहते आणि नाहीशी होते. या प्रसंगात मला सर्वांत जास्त भिडते ते हे की त्याने अट बेपर्वाईने मोडलेली नाही. तो तिच्याच हाकेला धावला होता. चांगली अट कशी ओळखावी, याचे माझे माप तेव्हापासून हेच आहे: ज्या गुणामुळे एखादा माणूस प्रेम करण्याजोगा ठरतो, त्याच गुणामुळे ती धोक्यात आली पाहिजे.

मॅगी स्टीफवॉटर यांची २००९ मधील ‘शिव्हर’ ही कादंबरी या मापाला पुरेपूर उतरते. लांडगा होणारी माणसे पौर्णिमेला बदलतात हा रूढ संकेत तिथे बाजूला ठेवलेला आहे. सॅम आणि त्याच्या कळपातील इतर लोक थंडी पडली की लांडगे होतात आणि ऊब आली की माणसे. पण दर वर्षी माणूस म्हणून मिळणारा काळ आखडत जातो, आणि एक उन्हाळा असा येतो की तो माणसाला परत आणत नाही. सॅमला खात्री आहे की यंदाचे वर्ष त्याचे शेवटचे आहे. त्याची प्रेयसी ग्रेस आणि तो आळीपाळीने कथा सांगतात, आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर सांगणाऱ्याच्या नावासोबत त्या वेळचे तापमान छापलेले असते. ही एवढीशी युक्ती वाचनाची सगळी रीत बदलून टाकते. प्रकरणाचे पहिले वाक्य वाचण्याआधी नजर त्या आकड्यावर जाते. तो मागच्यापेक्षा खाली आला असेल तर पुढे दोघे केवळ गप्पा मारत बसलेले असले तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. उघडी राहिलेली एखादी खिडकीही इथे जिवावरची गोष्ट ठरू शकते. कोणाला तरी उबेत ठेवणे ही प्रेमातली अगदी साधी, रोजची काळजी आहे, आणि स्टीफवॉटर यांनी सगळी अट नेमकी त्या काळजीवर आणून ठेवली आहे. मी ही कादंबरी जेव्हा जेव्हा पुन्हा वाचते तेव्हा आकडे माहीत असूनही ते पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

याच प्रकारात ज्या मालिकेवर सर्वांत जास्त बोलले गेले, त्या स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’चे चार खंड २००५ ते २००८ या काळात आले. तिची अट म्हणजे रक्ताची तहान, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. मला मात्र त्या मालिकेची खरी अट सतरा या आकड्यात दिसते. तिचा नायक एडवर्ड १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणाच्या दारात असताना व्हॅम्पायर झाला आणि तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच आहे. दुसरा खंड ‘न्यू मून’ सुरू होतो तो नायिका बेलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या पहाटे, एका स्वप्नाने. स्वप्नात तिला आपली वारलेली आजी समोर दिसते, शेजारी एडवर्ड उभा असतो, आता आजीला हे सगळे कसे समजावून सांगायचे या विचाराने ती गोंधळते. आणि मग तिच्या लक्षात येते की समोर आजी नाही, आरसा आहे, आणि त्यातली सुरकुतलेली बाई ती स्वतः आहे. अठराव्या वर्षी म्हातारपणाची भीती वाटणे हे एरवी हास्यास्पद ठरले असते. इथे ते अगदी न्याय्य आहे, कारण तिचा प्रियकर कालपर्यंत तिच्या बरोबरीचा होता आणि आजपासून तिच्याहून लहान राहणार आहे.

त्याच खंडात पुढे एडवर्ड तिला सोडून जातो, आणि मायर काही पानांवर फक्त महिन्यांची नावे देतात: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. नावाखाली एक शब्दही नाही. मायर यांचे गद्य एरवी बरेच पसरट आहे, एकच भावना त्या तीन-तीन परिच्छेद घोळवतात, आणि म्हणूनच ही कोरी पाने मला त्यांच्या लेखनातील सर्वोत्तम पाने वाटतात. ज्याला दुःख सांगता येत नाही त्या वयाचे दुःख त्यांनी तिथे न सांगता दाखवले आहे.

किशोरवय आणि अलौकिक अट यांचे इतके का जमते, याचे उत्तरही माझ्या मते इथेच आहे. त्या वयात घडणारी प्रत्येक गोष्ट पहिलीच असते, आणि पहिली असल्यामुळे ती शेवटची वाटते. मोठी माणसे सांगतात की हे दिवस जातील, यापेक्षा मोठी दुःखे पुढे येतील आणि तीही सोसतील. ते खरेही असते, पण सोळा-सतराव्या वर्षी ते खरे वाटावे असे अनुभवाचे भांडवलच जवळ नसते. अलौकिक प्रेमकथा या मुलांच्या वाटण्याला खरे करून टाकते. एडवर्डचे ते दिवस खरोखरच जात नाहीत. सॅमचा हिवाळा खरोखरच शेवटचा असू शकतो. मुलांच्या भावनेला अतिशयोक्ती न म्हणता तिच्या मापाचे जग उभे करून देणे, हा मला या प्रकारातील लेखकांचा मोठेपणा वाटतो, आणि मोठ्या वयात ही पुस्तके वाचताना जो आनंद होतो तो आपल्याच त्या जुन्या भावनेला इतक्या गांभीर्याने घेतलेले पाहण्याचा असतो.

निवेदनाचाही इथे मोठा वाटा आहे. शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ ही व्हॅम्पायरकथा १८७२ मधील, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधीची. तीत लॉरा नावाची तरुण मुलगी कार्मिलाच्या ओढीची आणि भीतीची हकीकत सांगते, पण ती सांगते दहाहून अधिक वर्षे उलटून गेल्यावर. तिच्या शब्दांत थरकाप आहे तसेच अंतरही आहे. सगळे संपले आणि आपण वाचलो हे तिला माहीत आहे. एस. ई. हिंटन यांनी ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि १९६७ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा अठरा वर्षांच्या. त्या कादंबरीत अलौकिक काही नाही, पण चौदा वर्षांच्या मुलाने घडून गेलेल्या गोष्टीकडे वयाच्या उंचीवरून न पाहता जवळूनच बोलावे, ही रीत तिने रुजवली आणि पुढच्या किशोर कादंबरीने ती आपलीशी केली. बेला, ग्रेस किंवा सॅम यांना लॉराला मिळाले तेवढे अंतर मिळत नाही. आपण वाचणार की नाही हे त्यांना माहीत नसते आणि आपल्यालाही कळू दिले जात नाही.

अटीचा दुसरा एक उपयोग मला ‘नलोपाख्याना’तील स्वयंवराच्या प्रसंगाशेजारी ही पुस्तके ठेवल्यावर कळला. महाभारताच्या वनपर्वातील हा प्रसंग सर्वांना माहीत आहे: इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचे रूप घेऊन बसतात आणि दमयंतीसमोर एकसारखे पाच नल येतात. ती देवांनाच शरण जाते, आणि मग तिला खुणा दिसू लागतात. चौघांच्या अंगावर घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा टवटवीत आहेत, अंगावर धुळीचा कण नाही आणि पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची सावली पडली आहे, माळ सुकली आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, पापण्या लवत आहेत. ती त्याच्या गळ्यात हार घालते. आता बेला ‘ट्वायलाइट’च्या पहिल्या निम्म्या भागात काय करते ते पाहा. तीही खुणाच गोळा करत असते: हात बर्फासारखा थंड, डोळ्यांचा रंग दिवसागणिक बदलणारा, ताटातले काही न खाणारा, मोटारीपेक्षा वेगाने पोहोचणारा. खुणा वाचण्याचे कौशल्य दोघींचे सारखेच आहे. फक्त दमयंतीने पापणी लवणाऱ्याला निवडले आणि बेला न लवणाऱ्याकडे चालत गेली.

दमयंतीची निवड मला अधिक सुंदर वाटते, हे मी स्पष्टच सांगते. धूळ, घाम आणि सुकलेली फुले पाहून ‘हाच माझा’ असे ओळखण्याइतके मोठे प्रेमाचे वर्णन मला दुसरे माहीत नाही. पण कादंबरी म्हणून बेलाच्या निवडीतून जास्त प्रश्न निघतात. घाम न येणाऱ्याबरोबर जायचे तर घामाच्या बाजूला जे जे आहे त्याचे काय करायचे? वडील आहेत, मित्र आहे, आपले म्हातारपण आहे, कदाचित होऊ शकणारी मुले आहेत. अलौकिक प्रेमकथेतील नायिकेला नुसते ‘हो’ म्हणून चालत नाही. त्या ‘हो’ची किंमत किती आहे ते तिला मोजावे लागते, आणि लेखकाने ती वसूल करावी लागते.

इथेच ‘ट्वायलाइट’चा चौथा खंड, ‘ब्रेकिंग डॉन’, माझी निराशा करतो. (ज्यांनी तो अजून वाचलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावे.) व्हॅम्पायर झाल्यावर पहिली काही वर्षे तहान अनावर असते, त्या काळात माणसांच्या जवळपासही फिरकता येत नाही, आईवडिलांपासून कायमचे तुटावे लागते, असे आपल्याला तीन खंड बजावून सांगितलेले असते. प्रत्यक्षात बेलाला जन्मजात वाटावा असा संयम पहिल्याच दिवशी लाभतो, वडिलांची भेट होते, मूलही होते, आणि ज्या लढाईकडे सगळा खंड सरकत असतो ती न होताच पाहुणे निघून जातात. वाचकांना सुखान्त हवा असतो हे मला मान्य आहे, मलाही तो हवाच असतो. पण सुखान्त अटीच्या आतून यायला हवा. अटच गुपचूप काढून घेतली की आधीच्या तीन खंडांत सोसलेले सगळे उगाच सोसल्यासारखे होते, आणि ज्या लेखिकेने ती कोरी पाने छापण्याचे धैर्य दाखवले तिच्याकडून तर हे अधिकच लागते.

या पुस्तकांवर घेतला जाणारा नैतिक आक्षेपही मला अटीच्याच भाषेत समजतो. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत बसतो. ‘इक्लिप्स’ या तिसऱ्या खंडात ती जेकब या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिची गाडीच बिघडवून ठेवतो. हे प्रेमाचे लक्षण नाही, हे वाचकाला, आणि विशेषतः कोवळ्या वयाच्या वाचकाला, स्पष्ट कळले पाहिजे, आणि ज्यांनी यावर टीका केली त्यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. शंभर वर्षे जगलेला आणि मोटार एका हाताने थांबवू शकणारा मुलगा एका साध्या मुलीसमोर उभा केला की सगळी सत्ता त्याच्याकडे जाते, आणि मग अट हे त्याच्या हातातले हत्यार होते: मी धोकादायक आहे, म्हणून तुझ्या वतीने मीच ठरवणार. अट दोघांनाही सारखीच बांधणारी असेल तरच ती प्रेमाची कसोटी राहते. ‘ट्वायलाइट’नंतर त्याच साच्याची जी असंख्य पुस्तके निघाली, त्यांतील बरीचशी मला याच कारणाने अर्धवट टाकावी लागली, त्यांत नायकाचा रागीटपणा आणि मालकी गाजवणे हेच त्याचे अलौकिकत्व होऊन बसले होते.

याला स्टीफवॉटर यांनीच फार चांगले उत्तर दिले आहे असे मला वाटते. २०१२ मध्ये सुरू होऊन २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या चार खंडांच्या मालिकेचा पहिला भाग ‘द रेव्हन बॉइज’. तिची नायिका ब्लू ही भविष्य पाहणाऱ्या बायकांच्या घरात वाढलेली, आणि तिला स्वतःला मात्र काहीच दिसत नाही. लहानपणापासून तिला सगळ्यांनी एकच सांगितलेले आहे: तू तुझ्या खऱ्या प्रियकराचे चुंबन घेतलेस तर तो मरेल. संत मार्कच्या सणाच्या आदल्या रात्री, पुढच्या वर्षभरात मरणार असलेल्यांचे आत्मे एका पडक्या चर्चच्या वाटेने जाताना तिच्या घरच्या बायकांना दिसतात. ब्लू दर वर्षी त्या आत्म्यांची नावे टिपून घ्यायला सोबत जाते आणि दर वर्षी तिला फक्त अंधार दिसतो. या वर्षी तिला एक मुलगा दिसतो. ज्याला ही दृष्टी नाही त्याला असा आत्मा दिसण्याची कारणे दोनच: तो तिचा खरा प्रियकर तरी असेल किंवा तिच्या हातून मरणारा तरी असेल. ब्लूच्या बाबतीत ही दोन कारणे वेगळी असण्याचीही गरज नाही, आणि ते वाचकाच्या ध्यानात आले की मग चारही खंडांवर ती सावली राहते.

इथे धोका नायकाकडून नायिकेकडे आलेला आहे. आपल्या ओठांत मृत्यू आहे हे ठाऊक असलेली मुलगी काय करते, तर ती प्रेमाचे बाकीचे सगळे मार्ग शोधून काढते. पुढच्या खंडांत घरातले सगळे झोपल्यावर ब्लू आणि गॅन्सी, म्हणजे तिला दिसलेला तो मुलगा, यांनी फोनवर चोरून मारलेल्या गप्पा येतात. त्या गप्पांत प्रेमाचा उच्चारही फारसा नाही; तो कंटाळला आहे, ती जागी आहे, एवढेच. तरीही मी या प्रकारात वाचलेल्या सर्वांत उत्कट पानांमध्ये त्यांची गणना करीन, कारण अटीने एक दार बंद केल्यामुळे आवाज या एकाच गोष्टीला सगळे ओझे वाहावे लागले आहे. घाईने केलेल्या चुंबनदृश्यांनी भरलेल्या पुस्तकांना हे कधी साधत नाही.

अट म्हणून अट पाहायची तर डेव्हिड लेव्हिथन यांची २०१२ मधील ‘एव्हरी डे’ ही कादंबरी सर्वांत निखळ आहे. तिचा नायक, ज्याचे नाव नुसते ‘ए’ आहे, रोज सकाळी आपल्याच वयाच्या वेगळ्या कोणाच्या तरी शरीरात जागा होतो. कधी मुलगा, कधी मुलगी, कधी आजारी, कधी सुंदर. रिॲनन नावाच्या मुलीवर त्याचे प्रेम जडते. शरीर बदलले तरी मी तोच आहे, असे तो म्हणतो आणि ते खरे आहे. रिॲननला मात्र ते रोज तितकेच खरे वाटत नाही, आणि लेव्हिथन यांनी तिला त्याबद्दल दोषी ठरवलेले नाही, हे मला त्या पुस्तकातले सर्वांत प्रामाणिक वाटते. एडन थॉमस यांच्या २०२० मधील ‘सिमेटरी बॉइज’मध्ये याद्रियल या ट्रान्स मुलाला त्याचे कुटुंब मृतात्म्यांना मुक्ती देणारा पुरुष म्हणून मान्य करत नाही, ते सिद्ध करायला तो एका आत्म्याला बोलावतो, आणि येतो तो भलताच, हजरजबाबी, घाईघाईने निघून जायला अजिबात तयार नसलेला मुलगा. ज्याला मुक्त करणे हेच आपले सामर्थ्य सिद्ध करण्याचा मार्ग, त्याच्यावरच प्रेम जडावे, ही अट मला फार नेटकी वाटते.

अमरत्वाच्या प्रश्नाला सर्वांत सरळ भिडलेले पुस्तक मात्र प्रेमकथांच्या कप्प्यात सहसा ठेवले जात नाही. नॅटली बॅबिट यांची ‘टक एव्हरलास्टिंग’ ही छोटी कादंबरी १९७५ मधील आहे आणि ती लहान मुलांसाठी लिहिलेली आहे. टक कुटुंबाने एका झऱ्याचे पाणी प्यालेले असते, आणि त्यानंतर त्यांतील कोणाचेही वय वाढलेले नसते. धाकटा जेसी दिसायला सतरा वर्षांचा, प्रत्यक्षात एकशे चार वर्षांचा. तो दहा वर्षांच्या विनीला त्या पाण्याची बाटली देतो आणि सांगतो की सतरा वर्षांची झालीस की पी, मग आपण लग्न करू. बॅबिट यांनी यावर वादविवाद रंगवलेला नाही. कुटुंबप्रमुख टक विनीला होडीत बसवून तळ्यात नेतो आणि वाहत्या पाण्याकडे बोट दाखवून सांगतो की सगळे बदलत, पुढे सरकत असते आणि आम्ही मात्र अडकून पडलो आहोत. पुढे विनी ते पाणी एका बेडकावर ओतते. अनेक वर्षांनी टक पतीपत्नी गावात परततात तेव्हा तिची कबर सापडते, आणि तीवरच्या मजकुरावरून कळते की ती १९४८ मध्ये वारली, कोणाची तरी पत्नी होती आणि कोणाची तरी आई होती. ‘ट्वायलाइट’च्या तीस वर्षे आधी बॅबिट यांनी तोच सतरा हा आकडा घेऊन नेमके उलटे उत्तर दिले होते. ज्यांना बेलाची निवड आवडते त्यांनी विनीची निवडही वाचावी, असा माझा आग्रह असतो. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवली की दोन्ही पुस्तके अधिक चांगली होतात.

अलीकडे मी मरणधर्मी पात्राच्या बाजूपेक्षा दुसऱ्या बाजूने सांगितलेल्या कथा शोधते. ‘शिव्हर’मधील सॅमची प्रकरणे मला ग्रेसच्या प्रकरणांहून अधिक आवडतात, कारण अट त्याच्या अंगात आहे आणि ती तिच्यासमोर आहे. ‘ट्वायलाइट’चीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून सांगणारी ‘मिडनाइट सन’ ही कादंबरी २०२० मध्ये आली. तिच्या पहिल्याच प्रकरणात जीवशास्त्राच्या वर्गातले दृश्य येते. बेला शेजारी येऊन बसते, तिच्या रक्ताचा वास त्याच्यापर्यंत पोहोचतो, आणि तो तासभर एका जागी बसून हिशेब करत राहतो: तिला इथेच मारायचे तर वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही मारावे लागेल, कोणाला आधी, किती वेळात, कोणी ओरडण्यापूर्वी. हेच दृश्य बेलाच्या तोंडून ऐकताना एक तुसडा मुलगा खुर्चीच्या टोकाला सरकून बसला आहे एवढेच आपल्याला कळले होते. पुढे ते पुस्तक लांबते आणि आधी माहीत असलेले संवाद पुन्हा वाचावे लागतात, पण त्या एका प्रकरणात अट पाळण्याला आतून किती बळ लागते हे जसे दिसते, तसे मूळ चार खंडांत कुठेही दिसत नाही. म्हणून आता नवे पुस्तक निवडताना मुखपृष्ठावर काय आहे किंवा नायक कोणत्या जातीचा प्राणी आहे हे मी नंतर पाहते. पहिले पान उघडून आधी हे पाहते की सांगणारा कोण आहे आणि अट त्याच्यावर आहे का.